कोपरापासून काळजापर्यंत

घरातले माणूस रुग्णालयात दाखल झाले, की खाटेपाशी पहिल्यांदा येते ती सिस्टर. हातात छोटा ट्रे. त्यात स्पिरिटचा बोळा, रबरी पट्टा, चिकटपट्टी आणि वेष्टनातली कॅन्युला. ती दंडाला पट्टा आवळते, मूठ मिटायला सांगते, मनगटापाशी, कोपरापाशी बोटांनी चाचपते आणि क्षणभर थांबते. आपण नातेवाईक नेमके तेव्हाच दुसरीकडे तोंड वळवतो. सुई गेली, सलाईन सुरू झाले, की सुटलो, असे आपल्याला वाटते.

पण सिस्टरचे ते क्षणभर थांबणे म्हणजे एक निर्णय असतो. कोणती शीर घ्यायची, किती जाडीची सुई घ्यायची, ती किती दिवस टिकेल, की या रुग्णाला साधी कॅन्युला पुरणारच नाही, दंडातून थेट हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत जाणारी लांब नळी लागेल? ही लांब नळी आज जगभर हजारो रुग्णांच्या दंडात असते. ती घातलेला माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो, झोपतो. मात्र हाताच्या शिरेतून सरकवलेली नळी जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत जाऊ शकते आणि माणूस तरीही जिवंत राहतो, हे 1929 सालापर्यंत कोणी पुराव्यानिशी दाखवले नव्हते. ते दाखवले पंचविशीतल्या एका जर्मन डॉक्टरने, स्वतःच्या हातावर. आणि ते शक्य झाले एका परिचारिकेमुळे, कारण शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. त्या डॉक्टरचे नाव वेर्नर फोर्समान. परिचारिकेचे नाव गेर्डा डिट्झेन.

घोड्याचे चित्र

फोर्समान यांचा जन्म 29 ऑगस्ट 1904 रोजी बर्लिनमध्ये झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक मूल. वडील वकील होते. पहिले महायुद्ध सुरू झाले, ते सैन्यात गेले आणि 1916 साली युद्धात कामी आले. मुलगा तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. आई नोकरीला लागली. घराची शिस्त आणि मुलाचे संगोपन आजीकडे आले. पराभूत जर्मनीतली ती टंचाईची, महागाईची वर्षे होती. अशा घरातून हा मुलगा शिकला आणि बर्लिन विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

विद्यार्थिदशेत एका चित्राने त्यांच्या मनात घर केले होते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून लांब नळी आत सरकवून थेट हृदयातला दाब मोजला होता. त्या प्रयोगाचे ते चित्र. शांतपणे उभा असलेला घोडा, शेजारी माणूस, मानेतून आत गेलेली नळी. घोड्याला काही झालेले दिसत नव्हते. मग माणसाला तरी का व्हावे? मानेऐवजी कोपराच्या पुढच्या खोलगटीतली शीर घेतली तर? ती तर वरच असते, रोज तिथे सुई टोचतातच.

त्या काळी हृदय म्हणजे हात लावायचा नाही असा अवयव, अशीच बहुतेक डॉक्टरांची धारणा होती. रुग्णाचे हृदय बंद पडू लागले, की छातीतून आरपार लांब सुई खुपसून हृदयात औषध टोचण्याचा एक अखेरचा उपाय केला जाई. ती सुई फुप्फुसाला लागे, हृदयाच्या रक्तवाहिनीला लागे, कधी हृदयाभोवती रक्त साचे. शिरेतून आतल्या वाटेने जाणारी मऊ नळी त्यापेक्षा कितीतरी सौम्य ठरेल, असे या तरुण डॉक्टरला वाटू लागले.

किल्ली कोणाकडे?

1929 साली ते बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्डे या छोट्या गावातल्या रुग्णालयात उमेदवारी करत होते. तिथले प्रमुख रिखार्ड श्नायडर हे त्यांच्या कुटुंबाच्या परिचयाचे. फोर्समान यांनी त्यांच्यापुढे कल्पना मांडली. श्नायडर यांनी ती नाकारली. रुग्णावर असला प्रयोग करायचा नाही. मग स्वतःवर करतो, असे म्हटल्यावर त्यालाही नकार मिळाला. घरचा कर्ता गमावलेल्या आईचा हा एकुलता मुलगा. उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर तिला काय तोंड दाखवायचे, ही त्यांची अडचण होती.

नकार पचवणे फोर्समान यांच्या स्वभावात नव्हते. पण निर्जंतुक केलेली हत्यारे, भूल देण्याचे औषध, नळ्या, हे सारे कुलूपबंद असे आणि ते शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिका सिस्टर गेर्डा यांच्या ताब्यात असे. फोर्समान त्यांच्याशी गप्पा मारू लागले. त्यांना वैद्यकाची आवड होती. तिला खतपाणी घालत, पुस्तके देत, त्यांनी हळूहळू आपली कल्पना त्यांच्यापुढे उलगडली. गेर्डा यांना ती पटली. इतकी पटली, की साहित्य द्यायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. प्रयोग फोर्समान यांनी स्वतःवर करायचा नाही, तो माझ्यावर करायचा.

ही सारी हकीकत आपल्याला कळते ती फोर्समान यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातून. त्यामुळे ती त्यांच्या बाजूने सांगितलेली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही या अटीपाशी वाचक थबकतो. स्वतःचा हात पुढे करणारी ही बाई भोळी नव्हती. शस्त्रक्रियागृहात रोज काय होते, हे तिला पुरते ठाऊक होते. तरीही ती तयार झाली.

दुपारची वेळ निवडली गेली. रुग्णालय जेवून विसावले होते. गेर्डा यांनी कपाट उघडले. फोर्समान यांनी त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे व्हायला सांगितले आणि पट्ट्यांनी त्यांचे हातपाय बांधून टाकले. हात हलू नये म्हणून, असा त्यांचा समज करून दिला. मग त्यांना दिसणार नाही अशा बाजूला उभे राहून स्वतःच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला भुलीचे इंजेक्शन घेतले. ते लागू होईपर्यंत गेर्डा यांच्या हातावर आयोडिन फासण्याचे नाटक केले. मग स्वतःच्या कातडीला छेद घेतला, शीर उघडी केली आणि तिच्यात नळी सरकवायला सुरुवात केली. ती नळी हृदयासाठी बनवलेली नव्हतीच. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या वाटेत घालायची ती मूत्रविकारांची नळी होती. लांबी 65 सेंटिमीटर, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर.

सुमारे 30 सेंटिमीटर नळी आत गेल्यावर त्यांनी गेर्डा यांचे पट्टे सैल केले आणि क्ष-किरण विभागाला कळवायला सांगितले. आपल्याला फसवले गेले आहे, हे गेर्डा यांना तेव्हा कळले. त्या चिडल्या. पण चिडून निघून गेल्या नाहीत. हातातून नळी लोंबत असलेल्या त्या माणसाबरोबर जिने उतरून त्या तळमजल्याच्या क्ष-किरण खोलीत गेल्या.

तिथे पडद्यामागे फोर्समान उभे राहिले. परिचारिकेने समोर आरसा धरला, म्हणजे पडद्यावरचे चित्र त्यांना स्वतःला दिसावे. नळीचे टोक खांद्यापाशी आले होते. एवढ्यात सहकारी डॉक्टर पेटर रोमाइस धावत आला आणि नळी ओढून काढू पाहू लागला. फोर्समान यांनी त्याच्या नडगीवर लाथा घालून त्याला दूर ठेवले. नळी पुढे सरकत गेली. गळ्याच्या हाडामागे थोडी ऊब जाणवली, जरासा खोकला आल्यासारखे वाटले. दुखले मात्र काहीच नाही. 60 सेंटिमीटर आत गेल्यावर आरशात दिसले, की टोक हृदयाच्या उजव्या भागात पोचले आहे. त्यांनी क्ष-किरण चित्र काढून घेतले. पुरावा झाला.

एका तरुणाच्या साहसाची ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगितली जाते. कौतुक खरेच आहे. पण त्या टेबलावर बांधलेली बाई कोपऱ्यात राहून जाते. तिची संमती एका गोष्टीसाठी घेतली आणि केले दुसरेच. आजच्या नियमांत हे बसणार नाही आणि तेव्हाही ते सरळ नव्हते. एवढेच म्हणता येईल, की स्वतःचा जीव धोक्यात घालताना दुसऱ्याचा घालायचा नाही, एवढी मर्यादा त्यांनी पाळली.

शाबासकी नव्हे, हकालपट्टी

श्नायडर आधी संतापले. पण क्ष-किरण चित्र पाहिल्यावर त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. पुढे पोटात पू पसरून मरणाच्या दारात असलेल्या एका स्त्रीवर ही पद्धत वापरायची परवानगी त्यांनी दिली. कोपराच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून तिच्यातून ग्लुकोज, ॲड्रेनॅलिन आणि हृदयाला बळ देणारे स्ट्रोफॅन्थिन दिले गेले. काही काळ तिची प्रकृती सुधारली, पण ती वाचली नाही. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. या वाटेचा आजारी माणसासाठी झालेला हा उपयोग रोग शोधण्यासाठी नव्हता. औषध पोचवण्यासाठी होता.

5 नोव्हेंबर 1929 च्या जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात फोर्समान यांचा छोटासा निबंध आला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले. ते तेव्हा बर्लिनच्या प्रसिद्ध शारिटे रुग्णालयात, फर्डिनांड साउअरब्रुख या मातब्बर शल्यविशारदाच्या हाताखाली बिनपगारी काम करत होते. तिथल्या वरिष्ठांना हा प्रकार डोंबाऱ्याच्या खेळासारखा वाटला. दुसऱ्या एका डॉक्टरने, हे आम्ही आधीच केले आहे, असा दावा लावला. फोर्समान यांना जावे लागले. पुन्हा एबर्सवाल्डे, पुन्हा बर्लिन, मग माइन्त्स. त्यांनी स्वतःवर आणखी प्रयोग केले. नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून हृदयाचे चित्र घेता येते का, हेही पाहिले. प्रतिसाद मिळाला नाही. शेवटी हृदयाचा नाद सोडून ते मूत्रविकारांकडे वळले. ज्या शाखेची नळी उसनी घेतली होती, त्याच शाखेने त्यांना पोटाला दिले. माइन्त्समध्ये भेटलेल्या डॉ. एल्स्बेट एंगेल यांच्याशी 1933 साली त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा मुले झाली.

या चरित्रात एक काळे पान आहे आणि ते उलटून पुढे जाता येत नाही. 1932 साली, हिटलर सत्तेवर येण्याआधीच, फोर्समान नाझी पक्षाचे सभासद झाले. महायुद्धात ते लष्करी शल्यचिकित्सक होते. युद्धाच्या अखेरीस अमेरिकनांच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर पक्षसदस्यत्वापायी 1948 पर्यंत त्यांना डॉक्टरकी करण्याची बंदी होती. काळ्या अरण्याच्या परिसरातल्या एका खेड्यात पत्नी रुग्ण तपासत असे आणि हा हृदयाची वाट शोधणारा माणूस काही काळ रानात लाकडे तोडत असे. स्वतःच्या शरीराबाबत दाखवलेले धैर्य माणसाला प्रत्येक बाबतीत शहाणपण देतेच असे नाही, हेच या पानाने दाखवले.

अटलांटिकपलीकडून आलेली दाद

इकडे हे घडत असताना न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोन डॉक्टरांनी फोर्समान यांचा जुना निबंध वाचून त्यांची वाट पुढे नेली होती. 1941 पासून त्यांनी हृदयातला दाब, रक्तातला प्राणवायू, हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते याचे हिशेब याच नळीने मांडले. जन्मतः हृदयात असलेले दोष नेमके कुठे आहेत, हे शस्त्रक्रियेआधी कळू लागले. 1956 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांसह फोर्समान यांना मिळाले. तेव्हा ते बाड क्रॉइत्सनाख या गावात मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होते. एबर्सवाल्डेच्या त्या दुपारीनंतर सत्तावीस वर्षांनी दाद आली. पण तोवर हे शास्त्र त्यांना मागे टाकून खूप पुढे गेले होते. 1958 साली ते ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख झाले. 1 जून 1979 रोजी त्यांचे निधन झाले. कारण हृदयविकार.

वाट पुन्हा सिस्टरच्या हाती

जगाने फोर्समान यांचा सत्कार केला तो हृदयाच्या निदानासाठी. पण त्या मरणासन्न स्त्रीसाठी झालेला पहिला उपयोग, म्हणजे कोपराच्या वाटेने औषध मोठ्या शिरेत नेणे, तोही मागे पडला नाही. 1975 साली अमेरिकेत व्हर्न होशल या शल्यचिकित्सकाने सिलिकोनची मऊ नळी हाताच्या शिरेतून मोठ्या शिरेपर्यंत नेऊन, तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना तिच्यातून पोषण दिले. आज रुग्णालयात जिला पिक लाइन म्हणतात, ती हीच. तिचे टोक हृदयाच्या आत नाही, हृदयात रिकाम्या होणाऱ्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी ठेवतात. मोठ्या माणसांना घालायच्या पिक लाइनची एक नेहमीची जाडी फोर्समान यांच्या नळीइतकीच आहे.

आणि ती घालते कोण? अमेरिकेत, ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी खास शिकलेल्या परिचारिका. सोनोग्राफीच्या यंत्रावर दंडातली खोल शीर पाहून, तिची रुंदी मोजून, नळीने शिरेची निम्मीदेखील जागा अडणार नाही याची खात्री करून. अमेरिकेत शिरेतून औषध देणे ही परिचारिकांची स्वतंत्र शाखा झाली, तिची सुरुवात 1940 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडा प्लमर या परिचारिकेने केली. ज्या कामाला तोवर डॉक्टरच हात लावत, ते तिच्याकडे आले.

आता त्या क्षणभर थांबण्याकडे पुन्हा वळू. सिस्टर काय पाहत असते? पहिला प्रश्न, औषध कोणते. साधे सलाईन किंवा सौम्य प्रतिजैविक असेल तर हाताची कॅन्युला पुरते. कॅन्युलांचे रंगही जाडीप्रमाणे ठरलेले. रक्त भराभर द्यायचे तर हिरवी किंवा तिच्याहून जाड, नेहमीच्या कामाला गुलाबी, म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक शिरेला निळी, तान्ह्या बाळाला पिवळी. पण कर्करोगाची काही औषधे अशी दाहक, की लहान शिरेतून बाहेर झिरपली तर मांस जाळतात. शिरेवाटे द्यायचे संपूर्ण पोषणही इतके दाट, की लहान शीर सुजून बंद पडते. मोठ्या शिरेत मात्र रक्ताचा ओघ मोठा. तिथे ते क्षणात पातळ होते. तिथे पिक लाइन, नाहीतर मानेतली किंवा छातीतली मोठी नळी, किंवा कातडीखाली बसवायचा पोर्ट लागतो.

दुसरा प्रश्न, किती दिवस. रोज नवी शीर शोधत सहा-सात ठिकाणी टोचून घेतलेला हात आपण साऱ्यांनी घरात कधी ना कधी पाहिला आहे. निळा, सुजलेला, कुणी जवळ आले तरी मागे खेचला जाणारा. म्हणून आठवड्याहून जास्त चालणाऱ्या साध्या औषधाला दंडातली मिडलाइन बरी. तिचे टोक काखेच्या अलीकडेच थांबते. पण उलट चूकही होते. सोय म्हणून कुणालाही पिक लाइन घातली, तर तिच्याभोवती रक्ताची गुठळी होऊ शकते, जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. 2015 साली मिशिगनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी एक मार्गदर्शिका केली, तिचा रोख हाच होता. पाच दिवसांच्या आतल्या साध्या कामासाठी पिक लाइन नको.

तिसरा प्रश्न, हा हात कोणाचा. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या माणसाला उद्या डायलिसिस लागेल. त्यासाठी हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करावा लागेल. त्याच्या दंडातल्या शिरा आज वापरून खराब केल्या, तर उद्याची वाट बंद होते. अशा रुग्णाला शक्यतो पिक लाइन घालत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या त्या बाजूचा हातही टाळतात. हे सिस्टरला कळायचे कसे? कागदावर असेल तर ठीक, नाहीतर आपण सांगितले तर. म्हणून तिने विचारले नाही तरी आपण सांगावे. सलाईनची जागा दुखली, लाल झाली, सुजली, तर रात्रपाळीच्या सिस्टरला उठून बोलवायला संकोचू नये. औषध संपेपर्यंत सहन करणे हा सोशिकपणा नव्हे.

आपल्याकडे साधी कॅन्युला लावणे हे परिचारिकांचे रोजचेच काम आहे. एकेका सिस्टरच्या वाट्याला कितीतरी खाटा आणि मागे औषधांची वेळ लागलेली. त्या धावपळीतला तो थांबण्याचा क्षण आपण तिला दिला पाहिजे. पहिल्या टोचणीत शीर मिळाली नाही म्हणून ओरडणारा नातेवाईक तो क्षण तिच्याकडून हिरावून घेत असतो.

फोर्समान यांचे नाव नोबेलच्या यादीत आहे आणि त्यांच्या गोष्टीत सिस्टर गेर्डा किल्लीपुरत्या आहेत. पण तो पराक्रम घडला, कारण एका परिचारिकेने आपल्यापुढे मांडलेली कल्पना ऐकून घेतली, तोलली, तिच्यातला धोका ओळखला आणि तो स्वतःच्या हातावर घ्यायची तयारी ठेवून मग कपाट उघडले. त्या दिवशी तिचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला गेला. आज दंडावर पट्टा आवळून, शिरेवर बोट ठेवून सिस्टर जेव्हा क्षणभर थांबते, तेव्हा तो निर्णय तिचा असतो.